'वाइड' या शब्दाच्या सतरा चिठ्ठ्या

३ मार्च

वन्सं,

दूध गॅसवर होतं, पांढरे कपडे बादलीत भिजत होते आणि मी गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराची फरशी पुसत होते. हे टेबलाशी चिठ्ठ्या लिहीत होते. मी म्हटलं, "पाय वर घ्या." यांनी पाय वर घेतले. फडकं फिरलं, पाय खाली आले. दूध उतू गेल्यावर "दूध" एवढंच म्हणाले. उतू जाण्याआधी म्हणाले असते तर काही उपयोग होता. ओटा पुसता पुसता मी विचारलं, "एवढं रोज काय लिहिता?" तर म्हणाले, "छापलेलं असतं तेच. माझं काही नसतं त्यात."

अशा सकाळी हजारो गेल्या. काल तुमच्या ऑफिसचं पत्र हातात आलं आणि नेमकी हीच आठवली.

पत्राखाली सही तुमची. "आपली विश्वासू." वन्सं, सख्ख्या भावाच्या बायकोला आपली विश्वासू? लग्नात माझी नवी चप्पल लपवून ठेवणारी मुलगी कधीपासून माझी विश्वासू झाली?

पत्र मी तीनदा वाचलं. "कै. मजकुरांनी" इंग्रजी 'वाइड' या शब्दाच्या सतरा चिठ्ठ्या शब्दकोशाला दिल्या, त्यांतल्या अकरा चिठ्ठ्यांवरची वाक्यं सांगितलेल्या पुस्तकाच्या सांगितलेल्या पानावर नाहीत, तरी खुलासा करावा. कोणी करावा? ज्यांनी करायचा ते जाऊन चौदा महिने झाले. बावीस वर्षं हा माणूस दिवसभर पोस्टात पत्रं खणांत टाकून घरी यायचा आणि चहा पिऊन तुमच्या कोशासाठी पुस्तकं वाचायला बसायचा. शब्द, तो ज्यात आला ते छापील वाक्य, पुस्तकाचं नाव, पान. एक चिठ्ठी तुम्हाला, तिची दुसरी प्रत घरी चपलांच्या खोक्यात. एका पैशाची अपेक्षा नाही. बसमध्ये चुकून एक थांबा पुढे गेला तर जादा पैसे भरून उलट चालत येणारा माणूस, तो खोटं पान लिहील?

तुमच्या नव्या तपासनीसाला चष्मा बदलायला सांगा.

वहिनी

८ मार्च

वहिनी,

आधी सहीचं. ते पत्र टाइप होऊन आलं, मी खाली सही केली. मी केली नसती तर तपासनीसाने केली असती आणि मग तुला कळलंही नसतं की मी इथे बसून काय काय थोपवते आहे. चपलेचं तू अजून धरून बसली आहेस? धन्य आहे.

आता नीट ऐक. तपासनीस तरुण आहे, पण चष्मा चांगला आहे. त्याने अकराही पानं स्वतः पाहिली. मी त्याच्या मागे जाऊन पुन्हा पाहिली. वाक्यं नाहीत.

आमचा नियम दादाला पाठ होता. एखाद्याची एक जरी चिठ्ठी खोटी निघाली तर त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद. कारण मग कुठल्यावर भरवसा ठेवायचा? दादाच्या चार हजार सहाशे आहेत. कोश जूनमध्ये छापायला जातोय. सुरुवातीच्या पानावर वाचकांची यादी असते, त्यात त्याचं नाव तिसरं आहे. मोठ्या साहेबांनी एकतीस मार्चपर्यंत मुदत दिली आहे. तोवर काही दाखवता आलं नाही तर नावही जाईल आणि बावीस वर्षांचं कामही.

एक आशा आहे. पुस्तकाची आवृत्ती बदलली की पानं बदलतात. दादाने तुमच्या गावच्या ग्रंथालयातली जुनी प्रत वापरली असेल. तू जाऊन बघशील? सतराही चिठ्ठ्यांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स सोबत पाठवतेय. तुला इंग्रजी येत नाही हे माहीत आहे, पण ग्रंथपालाला नुसतं वाक्य दाखवलंस तरी तो शोधून देईल.

तुझीच
(विश्वासू नाही, नणंद)

१६ मार्च

वन्सं,

मला इंग्रजी येत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? चौदा महिने संध्याकाळी मी करते काय असं वाटतं तुम्हाला? यांची खोकी उघडून पहिल्या अक्षरापासून बसले आहे. शेजारी छोटा कोश, हातात पेन्सिल. एक चिठ्ठी लागायला कधी दहा मिनिटं, कधी सबंध संध्याकाळ. 'एम'च्या खोक्यापर्यंत आले आहे. 'डब्ल्यू' अजून लांब होतं, म्हणून 'वाइड' मला ठाऊक नव्हता.

ग्रंथालयात चार दिवस गेले. पहिल्या दिवशी वर्षाची मोजदाद म्हणून बंद. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल म्हणाले, "बाई, ही पुस्तकं इंग्रजी आहेत." मी म्हटलं, "माहीत आहे, म्हणूनच दोन चष्मे आणलेत." तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकं दिली, पण बसायला जागा दिली ती पंख्याच्या बरोबर खाली. पान धरू की चिठ्ठी धरू. चौथ्या दिवशी आपणहून कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं.

सतरांतली सहा वाक्यं अगदी जिथल्या तिथे मिळाली. रुंद नदी. रुंद पायांची विजार. वाइड चेंडू. निवडणुकीत मोठ्या फरकाने पडलेला माणूस. ती पाहून मला इतकं हायसं वाटलं की ग्रंथपालांना पेपरमिंट दिलं.

पण बाकीची अकरा नाहीत. जहाजाच्या कादंबरीत एकशे बेचाळिसाव्या पानावर वादळ आहे, आणि यांच्या चिठ्ठीवर दार आहे. मी मागची-पुढची वीस-वीस पानं वाचली. दार कुठेच नाही. त्या जहाजाला दारंच नसावीत.

शब्दाचं मात्र नवल वाटलं. आपण नदीला रुंद म्हणतो, दाराला सताड म्हणतो, डोळे विस्फारतो, जागं असलं तर टक्क, नेम गेला तर चुकला म्हणून मोकळे होतो. इंग्रजांचं सगळं एका शब्दावर भागतं. बरणी एकच, तिच्यातच साखर, तिच्यातच मीठ. चव घेतल्याशिवाय कळायचं नाही. हे म्हणूनच या शब्दापाशी अडले असतील.

न सापडलेल्यांतली काही मला लागली तशी लिहिते. कुठे वाचल्यासारखी वाटली तर सांगा.

"भांडणाचा आवाज ऐकताच दार सताड टाकून ती खाली उतरली आणि दोन्ही बाजूंना गप्प करून वर आली."

"ती फरशी पुसत असली की घरातली माणसं लांबूनच वळसा घालत."

"त्याचा अंदाज साफ चुकला, ती रागावली नव्हती, तिला भूक लागली होती."

"तिचं वाचन अफाट होतं, कारण पुडीला आलेला कागदही ती वाचल्याशिवाय टाकत नसे."

कुठल्या तरी एकाच बाईवरची कादंबरी दिसते. बाई जरा आगाऊच आहे. लेखकाचं नाव कळलं तर पुस्तक मिळवता येईल. अकराव्या चिठ्ठीत एक शब्द अडलाय, ती मागून कळवते.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि शिपायाने पाणी आणून दिलं, इतकी हसले. मग रडले. मग दार लावून घेतलं.

अगं, पुडीचे कागद वाचणारी बाई जहाजाच्या कादंबरीत कुठून येणार? कागद सरळ करून, त्यावरचा साखरेचा कण जिभेवर ठेवून, उभ्या उभ्या वाचणारी बाई मी जगात एकच पाहिली आहे. खालच्या मजल्यावरचं नळावरचं भांडण कोणी मिटवलं होतं? दार कोणी उघडं टाकलं होतं? मी तेव्हा आत अभ्यास करत होते, मांजर येऊन माझं दूध पिऊन गेलं. आणि तू फरशी पुसत असताना तुला ओलांडायची हिंमत आमच्या बाबांचीही नव्हती.

ती तू आहेस, वहिनी. अकराही.

आता मी लिहिते ते वाचून हे पत्र फाडून टाक. मोठ्या साहेबांना मी आवृत्तीचं पटवत आणलं आहे. तू फक्त एवढं लिहून दे: "ही वाक्यं ज्या पुस्तकातली आहेत ते घरी होतं, त्यांच्या हातून पुस्तकांची नावं लिहिताना अदलाबदल झाली, ते पुस्तक आता सापडत नाही." खाली सही. वारसाचं म्हणणं म्हणून फाइलला लागेल आणि अकरा चिठ्ठ्या शंकास्पद म्हणून बाजूला होतील. बाकी काम वाचेल, नाव वाचेल. कोणाचं काही नुकसान नाही. तीन ओळी फक्त. मुदतीला अकरा दिवस उरलेत.

नणंद

२६ मार्च

वन्सं,

पत्र फाडलं नाही. कागद फाडणारी नाही, सरळ करून वाचणारी बाई मी, हे तुम्हीच लिहिलंय.

तुम्ही हसलात आणि रडलात. मला दोन्ही आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून उतरत नाही. भांडी आपटून झाली. ऐकायला कोणी नाही म्हणून ते आपटणंही वाया गेलं.

या माणसाने माझ्याशी दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायची. "आलो", "वाढ", "पाऊस आहे", "दूध". मी समजले, स्वभाव आहे. कोणाचं तोंड चालतं, कोणाचं चालत नाही. मी दोघांचं मिळून बोलत राहिले. आणि इकडे तीन हातांवर बसून हा माणूस माझ्यावर वाक्यं रचत होता! तीही मला न येणाऱ्या भाषेत. तीही दुसऱ्याच्या पुस्तकाच्या नावावर. "तिचं वाचन अफाट होतं." मी पुडीचा कागद वाचत असले की हे बाजूने निघून जायचे. मला वाटायचं, बायकोच्या अडाणीपणाची लाज वाटते. एकदा तोंडाने म्हणाले असते तर काय जीभ झिजली असती?

अकराव्या चिठ्ठीत शब्द अडला असं मी लिहिलं होतं. अडला नव्हता. मला लागली होती, पण जगात जाग्या असलेल्या बायका काय कमी आहेत, असं म्हणून मी ती उलटी ठेवली होती. आता सांगते. वाक्य असं आहे: "भर दुपारी ती टक्क जागी होती आणि तो झोपेचं सोंग घेऊन शेजारी पडला होता, कारण काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं."

यांना पोस्टातली सवय, प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तारीख. ती तुम्हाला मी सांगायला नको. मी दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवसाची आहे. त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि यांचा श्वास संथ चाललेला ऐकत होते. मनात म्हटलं, याला झोप लागते. बाळ गेलं आणि याला झोप लागते. एकोणीस वर्षं मी ते धरून ठेवलं. जेवायला वाढलं, आजारपणं काढली, शेवटी दवाखान्यात पाय दाबले, पण ते सोडलं नाही. यांना कळू दिलं नाही, इतकंच. आणि यांनी कोशाला कळवलं होतं! मला सोडून पोस्टाला, तपासनीसाला, मोठ्या साहेबांना, सगळ्यांना कळायची सोय करून ठेवली होती.

कोणाशी भांडू आता? कोणाला म्हणू, मी चुकले, तुम्हीही चुकलात?

तुमचा कागद मी लिहायला घेतला होता. "अदलाबदल झाली" इथपर्यंत लिहिलं. पुढे हात चालला नाही. सगळं छापलेलं आहे, माझं काही नाही, असं एक खोटं यांनी मला सांगितलं. त्यावर मी दुसरं रचून सही करू? मग त्या दुपारचं खरं कोण धरणार? आणि तुमचा तो तपासनीस, त्याने बिचाऱ्याने आपलं काम केलं. त्याला मी खोटं कशाला पाडू?

सोबत दुसरा कागद आहे. मोठ्या साहेबांना द्या. त्यात एवढंच आहे: ही अकरा वाक्यं कुठल्याही पुस्तकातली नाहीत. ती माझ्या नवऱ्याने स्वतः रचली. ती आमच्या घरातली आहेत आणि खरी आहेत, पण छापील नाहीत. ती काढून टाका. इतर चिठ्ठ्या मात्र तपासल्याशिवाय टाकू नका.

वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

कागद दिला. दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवून मगच दिला, हेही सांगून टाकते.

साहेबांनी उभ्यानेच वाचला. मग बसून वाचला. म्हणाले, "इतकं स्वच्छ कबूल केलेलं मी तीस वर्षांत पाहिलं नाही, आणि त्याचा मला काही उपयोग नाही." नाव गेलं. आज यादीचं प्रूफ आलं, तिसऱ्या जागी चौथा माणूस सरकलाय.

मी तुझ्यावर किती चिडले आहे हे लिहिता येत नाही. तीन ओळींचं काम होतं. तुझं खरं जिंकलं, आणि माझा भाऊ यादीतून गेला. घेऊन बस आता ते खरं.

हे काल लिहिलेलं. आज पुढचं लिहिते, कारण रात्रीतून मलाच माझी लाज वाटली. वीस वर्षांपूर्वी दादा ऑफिसात आला होता. मी प्रूफं वाचत होते. त्याने विचारलं, "एखादा अर्थ खरा आहे हे आपल्याला दिसतं, पण पुस्तकात काही केल्या सापडत नाही, तर काय करायचं?" मी मान वर न करता म्हणाले, "घाल रे काहीतरी." तो मग गेला. मला वाटतं त्याने ते थट्टा म्हणून घेतलं नाही. तो कुठलीच गोष्ट थट्टा म्हणून घेत नसे. तुझी सही मला त्याच्यासाठी हवी होती, तशी माझ्यासाठीही हवी होती.

आता कामाचं. साहेबांनी एक वाट ठेवली आहे. बाद झालेल्या चिठ्ठ्या दुसऱ्या कोणी एकेक करून पुस्तकाशी पडताळल्या, मागे सही केली, तर त्या घेता येतात. पण आमच्याकडे चिठ्ठी पडताळणाऱ्याच्या नावावर चढते. म्हणजे दादाचं नाव परत येणार नाही. तपासनीसाला वेळ नाही, मला नोकरी आहे. मी साहेबांना म्हटलं, माझी वहिनी करील. म्हणाले, "त्यांना इंग्रजी येतं?" मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त चष्मे आहेत तिच्याकडे.

जूनपर्यंत होतील तेवढ्या पहिल्या छपाईत जातील, उरलेल्या पुरवणीत. नको असेल तर तसं कळव. मी समजेन.

नणंद

१२ एप्रिल

वन्सं,

दोन दिवस मी तुमच्यावरही रागावले होते. मग वाटलं, राग किती जणांत वाटायचा? आधीच थोडा, त्यात वाटेकरी वाढले. "घाल रे काहीतरी" तसलंच मीही हजारदा म्हटलंय, डब्यात काय देऊ ते हे सांगेनात की स्वतःलाच, 'घाल बाई काहीतरी'. तुम्ही ते बोललात आणि यांनी ते खरं धरलं. यांना सांगून करून घेण्यात तुम्ही पहिल्या ठरलात, एवढंच माना.

साहेबांना मी परस्पर पत्र लिहिलं की चिठ्ठ्या पडताळीन, पण माझं नाव घालू नका, ज्यांनी बावीस वर्षं घातली त्यांचं घाला. चार दिवसांत उत्तर आलं. एक ओळ: "नियमानुसार शक्य नाही." खाली "आपला विश्वासू". तुमच्याकडे सगळेच विश्वासू दिसतात.

मला माझं नाव नको आहे. ज्या पानावर ते येईल तिथे बोट ठेवून हे मी केलं असं मला म्हणता येणार नाही. आणि नाही म्हटलं तर चार हजारांवर चिठ्ठ्या रद्दीत जातील, त्यांतल्या कितीतरी यांनी ताप अंगावर घेऊन लिहिल्या आहेत. इकडे आड, तिकडे विहीर. दिवसभर मी खोल्यांतून फिरत राहिले. एकदा तर यांच्या फोटोसमोर जाऊन म्हटलं, "आता बोला." तिथेही तेच.

साहेबांचं उत्तर गुरुवारी आलं. दुसऱ्या दिवशी मी पहिलं खोकं पिशवीत घातलं आणि ग्रंथालय उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. ग्रंथपालांनी कोपऱ्यातलं टेबल दिलं. संध्याकाळपर्यंत तेवीस चिठ्ठ्या झाल्या. बावीस वाक्यं सांगितल्या पानावर, सांगितल्या ओळीत होती. त्यांच्या मागे यांच्या तारखेखाली मी माझी सही केली. तेविसावी मागच्या वर्षी मी एकदा वाचली होती, अर्थ लावला होता आणि न थांबता पुढची घेतली होती. ते वाक्य त्या पानावर नव्हतं, आमच्या घरातलं होतं. तिच्यावर मी काट मारली आणि ती घरी घेऊन आले.

वहिनी